इंगोले मॅडमची ओळ

इंगोले मॅडम नमस्काराला नमस्कार करत नसत. सकाळी दारात कुणी भेटलं की विचारत, "काल बिल्ड अर्धा सोडून पळाला तो कोन?" अमरावतीच्या त्या छोट्या कंपनीत माझा पहिलाच दिवस होता, म्हणजे तो मी असणं शक्य नव्हतं, तरी मी मान खाली घातली.

आम्ही रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर करायचो. लिहिलेला कोड जोडणं, त्याची तपासणी करणं, मदतपुस्तिका बनवणं आणि सगळं बांधून ग्राहकाला देण्याजोगं करणं, अशा पायऱ्या ओळीने पार पाडणारं बिल्डचं साधन मॅडमनी स्वतः लिहिलं होतं. त्यातली एकही पायरी गाळता येत नसे. बटणाचा रंग बदलला तरी अख्खी पुस्तिका पुन्हा बने आणि आम्ही माशा मारत बसू.

मी तिवस्याचा. वडील बाजारात भाजी विकतात. घरात कॉलेज पुरं करणारा मी पहिला. मोठ्यांशी वाद घालायचा नाही, हे शिकूनच आलो होतो. तरी एकदा म्हणालो, "मॅडम, नको ती पायरी वगळायची सोय द्या ना."

"काहून? तिवस्यात वरन शिजाच्या आंधी उतरवतेत का?"

सगळे हसले.

"नाही मॅडम. पण पोळ्या लाटताना शिजलेलं वरण कुणी पुन्हा चुलीवर ठेवत नाही."

हसणं थांबलं. "लय बोलून राहिला," एवढंच त्या म्हणाल्या. पुढे त्यांनी माझं नाव घेणंच सोडलं. "ए तिवसा" अशी हाक मारायच्या.

मग मी थेट मालकांकडे गेलो. मालकांना घाई फार. त्यांनी हुकूम सोडला. मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "माह्या डोक्यावरून गेला तू. ध्यानात ठेवीन."

काम मात्र त्यांनी चोख केलं. प्रत्येक पायरीला नाव दिलं; जी नको तिचं नाव लिहायचं, बाकीच्या चालत. फक्त एक गोष्ट कुणी न सांगता घातली. जे वगळलं ते ग्राहकाच्या पहिल्याच पडद्यावर उमटे: 'या आवृत्तीत ही पायरी केलेली नाही.'

एकदा अकोल्याच्या एका लॅबला दुपारच्या आत नवी आवृत्ती हवी होती. मालक म्हणाले, "तपासणी वगळा. आन् थे ओळ बी काढा. गिऱ्हाइकाले काहाले सांगाचं?"

"वगळा," मॅडम म्हणाल्या. "मी ना म्हनलं का? पन लपवाचं नाही. लोकायचे रिपोर्ट निंगतेत त्याच्यावर."

मालक माझ्याकडे वळले. "तू काढ रे. तुलेच पायजे होती ना हे सोय?"

मी अजून कायम झालो नव्हतो, आणि धाकट्या बहिणीचं कॉलेज माझ्या पगारावर सुरू झालं होतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती नव्हती. हा आता ओळ काढणार, अशी खात्री होती. त्या खात्रीचाच मला राग आला.

"सर, मी नाही काढणार. तपासणी होऊ द्या."

तपासणी झाली. एकही चूक निघाली नाही. तोवर लॅबवाल्याने फोनवर मालकांची चांगलीच खरडपट्टी काढली होती.

"काय भेटलं?" मालकांनी विचारलं.

"काई चुकलं नाही, हे मालूम झालं," मॅडम म्हणाल्या.

महिनाअखेर त्यांना जायला सांगण्यात आलं. माझं कायम होणं लांबलं. त्या माहेरी अकोल्याला निघाल्या, तेव्हा मी त्यांची पिशवी ऑटोपर्यंत नेली. दोन शब्द बरे ऐकायला मिळतील, अशी आशा होती.

"मालकाजवळ जाच्या आंधी मले अजून एकडाव विचारलं असतं, तं देली असती सोय."

"नसती दिली, मॅडम."

त्यांनी थोडा विचार केला. "हो. नसतीच देली." मग ऑटोवाल्याला म्हणाल्या, "चाल रे."

ते साधन आता माझ्याकडे आहे. वगळायची सोय सगळे रोज वापरतात. मालक त्या ओळीवरून अधूनमधून खेकसतात. मी ऐकून घेतो. मॅडमना कधी फोन केला नाही, त्यांनीही केला नाही. पण माझ्या शिक्षणात कॉलेजइतकाच त्यांचा वाटा आहे, हे इथे लिहून ठेवतो.

परवा दर्यापूरहून नवी आलेली मुलगी म्हणाली, "सर, ही ओळ काढता येते का?"

"येते."

"मग काढू?"

"नाही."

तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी कित्येक महिने इंगोले मॅडमकडे पाहत आलो होतो.