गुणाजी होल्डरवाला आणि भिवाच्या तोंडावरचा पट्टा

चिंचपोकळीला एका चाळीच्या जिन्याखाली गुणाजीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, फळीवर गुणाजी आणि गुणाजीच्या कपाळावर आठ्या. स्टुडिओतल्या मोठ्या कॅमेऱ्यांचे लाकडी होल्डर तो दुरुस्त करी. होल्डर म्हणजे फिल्म उजेडापासून लपवणारी चपटी चौकट. फोटो घेताना तिची पट्टी ओढून काढायची, फोटो झाला की परत सरकवायची. पट्टी बाहेर असताना फटीतून उजेड शिरू नये म्हणून तोंडाशी आतून मखमल लावलेली असते. ती झिजली की लालबागपासून दादरपर्यंतचे फोटोग्राफर गुणाजीकडे येत आणि शिव्या खाऊन जात.

"होल्डर तोंड मिटून असता," तो म्हणे, "म्हणान माका माणसांपरीस तो बरो."

त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रह करायला चाळीतून सात जणांची तुकडी निघाली. हारबीर घालून राजाराम फोटोग्राफरने त्यांचा फोटो काढला. तुकडी तुरुंगात गेली, फोटो धुऊन आला. सहा जण ठणठणीत आणि सातव्याच्या, भिवाच्या, तोंडावर पांढरा पट्टा!

राजारामने हात झटकले. "होल्डर गुणाजीने दुरुस्त केलाय. त्यालाच विचारा."

भिवाची बायको सुंदराबाई फोटो घेऊन फळीपुढे उभी राहिली. "गुणाजीभाऊ, सहा जणांच्या बायकांनी फोटो भिंतीला लावले. मी काय लावू? हार घातलेलं धोतर?"

गुणाजी तिच्यावरही खेकसला. पण राजारामने ते इतर स्टुडिओंतही सांगितलं आणि दोन दिवसांत तीन स्टुडिओवाले आपापले होल्डर उचलून घेऊन गेले, एकाने तर अर्धवट उसवलेला नेला. तेव्हा मात्र त्याचं धाबं दणाणलं. तीस वर्षांत त्याला चांगला माणूस कुणीच म्हटलं नव्हतं, पण वाईट कारागीर असंही कुणी म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो सुंदराबाईला घेऊन राजारामच्या स्टुडिओत घुसला. आत कुटुंबाचा फोटो काढायला आलेली चार गिऱ्हाइकं पावडर लावून बसली होती.

"ती फिल्म काढ," गुणाजी म्हणाला. खिडकीशी धरून त्याने ती राजारामच्या नाकापुढे नाचवली. "बघ. मखमल सुटली असती तर फटभर उजेड आला असता. हा एका कोपऱ्यातून पसरलाय. आता पट्टी घाल बघू. रोज घालतोस तशी."

राजारामने एक कोपरा आधी खुपसला आणि मग दुसरा दाबला.

"तिरकी! मेल्या, तिरकी घालतोस! एक बाजू अशी उचकटली की दुसऱ्या बाजूने उजेड आत जाणार नाही तर काय?"

पावडरवाली माणसं हसली. राजाराम लाल झाला. "सरळ जातेच कुठे? तुम्ही घालून दाखवा की!"

गुणाजीने पट्टी सरळ धरून लावली. गेली नाही. दोन्ही अंगठ्यांनी रेटली. पट्टीला पोक आलं, पण ती आत शिरेना.

"मखमल कसली घातलीत?" राजारामने विचारलं.

गुणाजी पट्टी उलटीसुलटी करून बघू लागला. बाजारात पातळ काळी मखमल मिळेना, म्हणून त्याने आपल्या लग्नातली काळी मखमली टोपी कापली होती. बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता.

"बोला की आता," सुंदराबाई म्हणाली. "एरवी तर जीभ आवरत नाही."

"जाड झाली."

"काय?"

"मखमल जाड झाली! ऐकलंस? का बहिरा आहेस?" गुणाजी राजारामवरच ओरडला. "पण पट्टी अडत होती, तर होल्डर आणून माझ्या डोक्यात का नाही घातलास?"

"घातला असता. पण त्यासाठी तुमच्याकडे यावं लागलं असतं ना!"

यावर गिऱ्हाइकंदेखील हसली नाहीत.

"म्हणजे गुणाजीभाऊंचा तोंडाळपणा आणि राजारामभाऊंचा आळस," सुंदराबाई म्हणाली, "आणि तोंड गेलं माझ्या नवऱ्याचं. ते सुटून आले की फोटो पुन्हा काढायचा. आणि तीन स्टुडिओंत जे सांगितलंत राजारामभाऊ, ते आजचं धरून पुरतं सांगून या."

गुणाजीने होल्डर काखेत मारला. दाराशी जाऊन तो वळला.

"परवा घेऊन जा. सरकवून बघ. अडली तर तिथल्या तिथे सांग."

"तुम्ही ओरडाल."

"ओरडणारच. तरी सांग."