पोटाचं विभाजन

दयारामजी कुठल्याही दारातून सरळ आत येत नसत. उंबऱ्याशी थांबत, चौकटीलाच "साइड द्या, साइड" असं सांगत आणि मग आडवे होऊन आत शिरत. मी पाटबंधारे खात्यात बदली होऊन साताऱ्याहून भंडाऱ्याला आलो आणि त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली. पहिल्या दिवशी ते मला खोली दाखवायला उठले, जिन्याशी आले, वर बघितलं आणि म्हणाले, "तूच जाऊन पाय सातारकर. माह्या गाडीले घाट चढत नाही."

ते एसटीत ड्रायव्हर होते. तुमसरच्या रस्त्यावर त्यांची हयात गेली. पुढे पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं, तेव्हा त्यांना डेपोत बसून करायचं काम दिलं गेलं, आणि निवृत्तही ते तिथूनच झाले. "स्टिअरिंगनंच माही तक्रार केली साहेबाजवळ," असं ते सांगायचे. भंडाऱ्यातून फुटून गोंदिया वेगळा जिल्हा होऊन तोवर बरीच वर्षं लोटली होती, पण जेवण झाल्यावर पोटावर हात फिरवताना त्यांना ते हटकून आठवायचं. "गोंदिया गेला बाबू. अखंड भंडारा जिल्हा म्हणून आता हाच एक राहिला."

या अखंड जिल्ह्याचा कारभार सुलोचनाकाकूंच्या हातात होता. त्यांच्या पातोडीच्या रश्शाची, म्हणजे झणझणीत रश्शात सोडलेल्या बेसनाच्या वड्यांची, कीर्ती गल्लीच्या टोकापर्यंत होती. दयारामजी ताटावर बसले की काकू गॅसपाशी आणि ताटापाशी अशा फेऱ्या मारत राहायच्या. "पुरे" हा शब्द त्या घरात कोणी उच्चारलेला मी ऐकला नव्हता.

एकदा भर दुपारी दयारामजी अंगणात पाय घसरून पडले. मी ऑफिसातून जेवायला आलो तेव्हा ते उताणे होते आणि काकू शेजारी बसून पदराने वारा घालत होत्या. मला बघताच दयारामजी म्हणाले, "काही झालं नाही. गाडी बंद पडली. चार माणसं बोलाव न धक्का मार." शेजारचे आले, उचललं, खाटेवर बसवलं. ते हसत होते, आम्हीही हसलो. काकू मात्र तोंड फिरवून आत निघून गेल्या.

गुडघा सुजला म्हणून नागपूरला नेलं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आधी वजन उतरवा, मग गुडघ्याचं बघू. साखर होती, रक्तदाब होता, झोपेत श्वास अडकायचा. पथ्याचे सगळे प्रयोग काकूंच्या स्वयंपाकघरात हरले होते. मग पोटाच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला. डॉक्टरांनी समजावलं, दुर्बिणीतून करायची, पोटाचा मोठा भाग काढून टाकायचा, उरेल ती केळ्याएवढी नळी.

"म्हणजे गोंदिया काढून टाकता म्हणा," दयारामजी म्हणाले. डॉक्टर बाहेरगावचे. त्यांना काही कळलं नाही.

मुलगी मनीषा नागपुरातच असायची. ती रडायलाच लागली. "बाबा, या वयात कायले पोट कापून घेता?"

"मग कोणत्या वयात कापू? तरुणपण तं गाडी चालवण्यात गेलं."

डॉक्टरांचं म्हणणं होतं, नुसत्या वयाने काही अडत नाही, पण धोका तरण्या माणसापेक्षा जास्त. हृदय, फुप्फुसं, सगळं तपासावं लागेल. तपासण्या सुरू झाल्या तसे दयारामजी प्रत्येक टेबलावर चढताना विचारू लागले, "पासिंग होते ना जी गाडी?" झाली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी नागपूरला भेटायला गेलो. दोन आठवडे ते नुसत्या पातळ पदार्थांवर होते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा डबा उघडला की हे डोळे मिटून वास घ्यायचे आणि भाजी ओळखायचे. मनीषा आणि काकू औषधं आणायला खाली गेल्या, तेव्हा मी विचारलं, "भीती वाटते का?"

त्यांनी दाराकडे नजर टाकली. "त्या दिवशी अंगणात तू यायच्या आधी तुही काकू मले उचलाले पायत होती. काखेत हात घालून. उचलणंच होयेना. मग बसली न वारा घालत. मदत आणाले जाईन म्हणे, न मले सोडून उठेही ना. हसून राहिलो होतो मी, पण तिचं तोंड पाह्यलं न सातारकर." मग लगेच आवाज बदलून म्हणाले, "त्या डब्यात वांगे हायेत. जाऊन पाय."

शस्त्रक्रिया नीट पार पडली. दुसऱ्या दिवशी ते व्हरांड्यात भिंत धरून चालत होते आणि समोरून येणाऱ्या नर्सला "पों पों" करून बाजूला करत होते.

घरी आले, आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली. आधी पाणी, मग पेज, मग मऊ भात. घास तोंडात घोळवत बसायचं, जेवताना पाणी प्यायचं नाही. एकदा त्यांनी लपून लाखोळीच्या डाळीचा वडा खाल्ला आणि सगळी दुपार मोरीपाशी ओकत काढली. "चोरटा प्रवासी होता, उतरवून देला," म्हणाले. वजन उतरत गेलं. केस गळले, कातडी लोंबू लागली, पायातली ताकद गेली. डॉक्टरांनी दटावलं, या वयात नुसती चरबी नाही, मांसही झडतं, तेव्हा अंडी खा, चाला. ते चालू लागले, मग हळूहळू जिनाही चढू लागले. माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "खोली बरी हाये बे. भाडं कमी घेतलं म्या."

पण खाली स्वयंपाकघर गप्प झालं होतं. काकूंनी हौसेने पातोडी केली की हे दोन चमचे घेऊन वाटी सरकवायचे. काकू वाटी उचलायच्या. एकदा जिन्यात मला म्हणाल्या, "ह्यायले घास जात नाही, न मले कमी रांधता येत नाही. आता दिवसभर करू काय मी?"

दयारामजींच्या ते ध्यानात आलं होतं. त्यांनी तोडगा काढला तो त्यांच्यासारखाच. स्वतःऐवजी दुसऱ्यांना जेवायला बसवायचं. रोज मी, शिवाय डेपोतला कोणी जुना सोबती. स्वतः समोर बसून ते आमच्या घासांचं समालोचन करायचे. "वडा बुडव रश्शात. थांब, भिजू दे. आता काढ, लवकर काढ, फुटून जाईन! हां. चाव, चाव. मले आवाज आला पायजे!" त्यांचं वजन उतरलं आणि माझ्या पँटी घट्ट झाल्या.

मग एके दिवशी काकूंनी झारा आपटला. "तुम्ही जेवत नाही, न गावाले जेवाले बसवता! मी का खानावळ काढली का जी?" डेपोतले गृहस्थ तोंडातला घास तसाच ठेवून उठले. दयारामजी त्या दिवशी पुन्हा बोलले नाहीत. त्यांचं असं गप्प बसणं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझा बदलीचा हुकूम आला. निघण्याच्या आदल्या रविवारी दयारामजींनी खालून हाक मारली, "सातारकर, जेवाले ये. आज मी रांधलं." मी गेलो तर ते घामाघूम होऊन गॅसपाशी उभे, अंगावर काकूंचं जुनं लुगडं गुंडाळलेलं, पातोड्या रश्शात फुटून पिठलं झालेलं. काकूंना त्यांनी ताटावर बसवलं होतं.

"पाहुण्याले आधी वाढा न," काकू संकोचून म्हणाल्या.

"पाहुणा थांबते. तू इतके वर्षं सगळ्यायचं झाल्यावर थंडं खाल्लं. मीही कधी बस म्हणलं नाही. खा आता, गरम हाये."

काकूंनी घास घेतला. दयारामजी पळी हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही त्यांचा चेहरा इतका घाबरलेला नव्हता.

"खारट झालं," काकू म्हणाल्या.

दयारामजींचा चेहरा उतरला. वाटी उचलायला त्यांनी हात पुढे केला. काकूंनी ती डाव्या हाताने घट्ट धरून ठेवली.

"उचलता कायले जी? भात वाढा."