सवाष्ण आहे का ती?

आमच्या परदेशातल्या मराठी मंडळातल्या बायकांना युद्ध फार आवडायचं. लांबचं, टीव्हीवरचं, चहाबरोबर घ्यायचं. नवरे रॅफल्स प्लेसच्या बँकांत, खाली कॉन्डोचा पोहण्याचा तलाव, आणि सोफ्यावर पाय वर घेऊन म्हणायचं, "एकदाचं होऊनच जाऊ दे!" काय होऊन जाऊ दे, कुणाच्या घरावर होऊन जाऊ दे, ते विचारायची सोय नाही. विचारलं की मी खडूस.

मी हौगांगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचे. नवरा जहाजावर इंजिनीअर, वर्षातले निम्मे महिने पाण्यावर. शेजारच्या दारात एक सीरियन माणूस होता, वन-नॉर्थला कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. त्याच्याकडे त्याची धाकटी बहीण आली, अलेप्पोहून. एकटीच आली. नवरा मागे राहिला होता.

तो तिथल्या एका संग्रहालयात नोकरीला. लढाई गावात शिरली तसे बाकीचे निघाले, हा थांबला. जुनी मडकी, मातीच्या मूर्ती, रंगीत खड्यांच्या फरश्या, सगळं तळघरात न्यायचं आणि पुढं भिंत बांधून टाकायची, असा त्याचा आणि दोघातिघांचा उद्योग चालला होता. "एवढं झालं की येतो," असं तो बायकोला सांगून राहिला होता. पुढं त्याचा फोन लागेनासा झाला. तो जिवंत आहे की नाही एवढंच तिला कळायला हवं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं बिचारीचं.

ती दुपारी माझ्याकडे चहाला यायची. माझं इंग्रजी पुणेरी, तिचं तिच्या गावचं, पण आमचं भागायचं. एकदा तिनं घराचा फोटो दाखवला. बैठकीच्या खोलीचं लाकडी छत, फळीफळीवर डाळिंबं आणि वेली रंगवलेल्या, कुठल्या पणज्याच्या काळच्या. मी आपलं विचारलं, आहे का गं अजून? म्हणाली, "अर्धं घर पडलं. फळ्या गल्लीतल्या लोकांनी शेकोटीला नेल्या. बरं केलं. थंडी फार होती."

आमच्याकडे कुणी दारातली कुंडी हलवली तर चार दिवस अबोला.

दोन हजार सतराची संक्रांत असावी ती. सेक्रेटरीताईंच्या कॉन्डोत मंडळाचं हळदीकुंकू होतं. पोरीला जरा चार माणसांत बरं वाटेल म्हणून मीच तिला घेऊन गेले. माझी अक्कल!

आधी सगळ्या गोड. "अय्या, किती गोरी!" हे आमचं पहिलं वाक्य, माणूस कुठल्याही आगीतून उठून आलेलं असो. मग डोक्यावरच्या रुमालाची चौकशी, मग नवऱ्याची. तिनं खरं ते सांगून टाकलं. लपवायचं तिला सुचलंच नाही.

"मडक्यांसाठी बायकोला सोडून राहिला?" एकजण मला मराठीत म्हणाली. "कमाल आहे बाई!"

ही तीच, जिचं आदल्याच महिन्यात मंडळात 'आपले गडकिल्ले, आपला वारसा' यावर भाषण झालं होतं. फेटा बांधून आली होती भाषणाला. आमच्या गडांवर बदाम काढून नावं कोरणारे परके नव्हेत हो, आमचेच. आम्हाला बाँबसुद्धा लागत नाही. पण तिकडं एक माणूस वारसा वाचवायला भिंती लिंपत बसला, तर तो खुळा.

"तुम्ही फेटा सोडून काय सोडलंत किल्ल्यांसाठी?" मी विचारलं. तिला ऐकू आलं नाही म्हणे.

मग कुंकवाची वेळ आली. सेक्रेटरीताई चांदीचा करंडा घेऊन ओळीनं लावत आल्या. मला लावलं. माझ्या शेजारी ती बसली होती, तिथं ताईंचा हात थबकला.

"सवाष्ण आहे का गं ही?"

तिच्या तोंडावर विचारलं, मराठीत. म्हणजे जणू तिला कानच नाहीत.

झालं, सभा भरली! "बेपत्ता म्हणजे नक्की काय धरायचं?" "बारा वर्षं थांबतात म्हणे." "वाण देऊ या, कुंकू राहू दे. उगाच विषाची परीक्षा कशाला?" "तशीही मुसलमान आहे, तिला काय कळतंय!" एका बाईच्या नवऱ्याचं जगणं मरणं पंधरा जणी तिळाच्या वड्या खाता खाता ठरवत होत्या, आणि तोंडानं तिळगूळ घ्या, गोड बोला. माझाही नवरा त्या घटकेला कुठल्या समुद्रात होता देव जाणे, तो कसा आहे ते मला तरी कुठं ठाऊक होतं? पण मला कुणी विचारलं नाही. माझं लग्न त्यांच्या ओळखीचं होतं.

तिला शब्द कळले नाहीत, पण चेहरे कळले. "काय ठरवतायत या?" तिनं मला विचारलं.

मला राग आवरेना. सांगून टाकलं. "नवरा जिवंत असलेल्या बायकांना हे कपाळाला लावतात. तुला लावायचं की नाही, ते यांना ठरवता येत नाहीये."

तिनं रुमाल बोटभर मागं सारला आणि ताईंच्या समोर कपाळ केलं.

"लावा," म्हणाली. "जिवंत आहे तो."

ताईंचा हात काही उठेना. मग मीच करंडा ओढून घेतला आणि लावलं. चांगलं ठसठशीत. वाणाचा प्लॅस्टिकचा डबाही तिच्या मांडीवर ठेवला आणि तिला घेऊन निघाले. परत कधी त्या घराची पायरी चढले नाही.

उन्हाळ्याच्या सुमारास बातमी आली. तिच्या भावानं दारात उभ्या उभ्या मला सांगितली. तळघरातली भिंत फोडली, मागचं सगळं शाबूत निघालं. एकही मडकं फुटलं नव्हतं. तो मात्र पाणी आणायला म्हणून रस्त्यावर गेला होता, तिथंच गेला. आदल्या थंडीच्या आधीच.

असल्या बातमीला पाय फुटतात. संध्याकाळी सेक्रेटरीताईंचा फोन. वाईट वाटलं बिटलं म्हणून झालं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगं, म्हणजे संक्रांतीला तो नव्हताच की! मी तरी तेव्हाच म्हणत होते. आपल्या घरात तिला कुंकू लागलं. माझं तर मन खात बसलंय. काही शांत-बिंत करावी का?"

"करा की," मी म्हणाले. "तुमच्या जिभेची करा." आणि फोन आपटला.

तशीच शेजारी गेले. ती खाली फरशीवर बसली होती, पाठ भिंतीला. मी जवळ बसले.

"मला सगळे सांगतायत, वस्तू वाचल्या," ती म्हणाली. "अभिनंदन केल्यासारखं."

मी तिचा हात धरला. मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्या त्या बायका मला लावत नव्हत्या. त्यांना आधीच कळलं होतं का?"

"नाही गं," मी म्हणाले. "त्यांना काही म्हणजे काही कळत नाही."