वरच्या बांधीचं पाणी

कॉलेजच्या गळक्या छताबद्दल ठराव करायला आमच्या जिल्ह्याच्या प्राध्यापक संघटनेला वर्षानुवर्षं जमलं नव्हतं. इस्रायलवर बहिष्काराचा ठराव मात्र प्लेटमधले पोहे संपायच्या आत झाला. दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. रविवारी गोंदियाच्या एका सभागृहात बैठक होती. मी अर्जुनी मोरगावच्या कॉलेजात मराठी शिकवायचो आणि वाटेत कोहमाऱ्याला उतरून चहा पिण्याच्या लोभाने अशा बैठका सहसा चुकवत नसे.

आमचे अध्यक्ष माझ्याच कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. माणूस चांगला, हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे सांगायला सवड होणार नाही. आसपासच्या कुठल्याही गावात कुणाला वाळीत टाकल्याचं कळलं की मोटरसायकलला किक मारून पोलीस ठाण्यात सर्वांत आधी पोचणारा हा माणूस. तिकडे गाझात मेलेल्या लेकरांचे फोटो त्यांनी बैठकीत दाखवले तेव्हा त्यांना मध्येच थांबून चष्मा पुसावा लागला आणि ते काही सोंग नव्हतं. मलाही ते फोटो पुढे बघवले नाहीत.

ठराव वरून, म्हणजे राज्य पातळीवरून आलेला होता. इस्रायली संस्थांशी कसलाही शैक्षणिक वा सांस्कृतिक संबंध ठेवायचा नाही. दुसऱ्या रांगेतल्या एका सरांनी त्यात भर घातली की हिब्रू चित्रपटही दाखवू नयेत. आमच्या तालुक्यात व्हिडिओवर हिंदी हाणामारीखेरीज दुसरं काही कधी लागलं नव्हतं, पण ही दुरुस्ती टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. वस्तूंचा बहिष्कारही सुचवला गेला. कोणत्या वस्तू, हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे तो अधिकच एकमताने पास झाला.

हात वर गेले. दोनच हात खाली राहिले, माझा आणि प्राणिशास्त्राच्या आमच्या बाईंचा.

बाई म्हणजे तिशीची पोर, जवळच्याच खेड्यातल्या धानवाल्याची लेक. सारस पक्ष्यांच्या मागे वेडी झालेली. आमच्याकडचा सारस भर पावसाळ्यात उभ्या धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, घरटं करतो, माणसाच्या उंचीचा पक्षी असल्याने आजूबाजूचं धान लोळवतो, आणि शेतकरी वैतागून अंडी उचलून फेकतो. यात शेतकऱ्याचं चुकतं असं बाईंनी कधी म्हटलं नाही. त्यांचं एवढंच म्हणणं होतं की या दोघांचं भांडण मिटवता येतं. तिकडे इस्रायलमध्ये एक वयस्क संशोधक बाई होती. सारसाच्याच कुळातले क्रौंच पक्षी आणि शेतकरी यांच्यात समेट घडवण्यात तिची हयात गेली होती. आमच्या बाई तिच्याशी दोन वर्षं ई-मेलवर बोलत होत्या. सप्टेंबरात आमच्या कॉलेजात तळ्यातल्या पक्ष्यांवर आंतरराष्ट्रीय चर्चासत्र व्हायचं होतं आणि त्याला ती येणार होती. दुसऱ्या दिवशी दोघी एका शेतकऱ्याच्या बांधीवर जाणार होत्या, जिथे सारस दरसाल घरटं करायचे. त्या शेतकऱ्याने शब्द दिला होता की यंदा पाहुणी येऊन बोलेपर्यंत घरट्याला हात लावणार नाही. बाईंनी स्वतः त्याला कितीदा समजावलं होतं, पण तू तर गावचीच पोरगी, तुझं काय ऐकायचं, असं त्याचं चालायचं. परदेशातून कुणी आलं की आपल्या माणसाचा कान लगेच उघडतो.

मी उभा राहिलो. बोलायला मिळालं की मी सोडत नाही.

मी माझ्या बापाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या जातीच्या घरच्या लग्नात पंगतीला बसला म्हणून गावाने त्याला वाळीत टाकलं होतं. आग बंद, विहीर बंद, लग्नाची अक्षत बंद. पण तळ्याचं पाणी सुटलं की ते आमच्या बांधीत यायचंच. आमच्याकडे पाणी पाटाने सरळ कुठे जातं? एका बांधीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असं धुरा, म्हणजे मधला बांध, फोडत उतरत जातं. आमच्या बांधीखाली पंचांची बांधी होती. त्यामुळे आमच्या दारासमोरून मान वळवून जाणारे पंच स्वतः फावडं घेऊन यायचे आणि आमच्या बांधीत पाणी घ्यायचे, कारण त्याशिवाय ते त्यांच्या बांधीत उतरतच नव्हतं. मी म्हटलं, विद्येचंही असंच असतं, तेवढी अक्कल आपल्याला असावी. शिवाय आमच्याकडे येणारी ही इस्रायली बाई स्वतःच्याच सरकारविरुद्ध चौकात फलक घेऊन उभी राहिलेली आहे.

अध्यक्ष हसले. हे ललित लेखन झालं सर, म्हणाले, राजकारण वेगळं असतं. आपला विरोध व्यक्तीला नाही, संस्थेला आहे. मग कुणीतरी विचारलं की तिचं विमानाचं तिकीट कोण काढतंय. तिचं विद्यापीठ, असं कळलं. तेव्हा निर्णय असा निघाला की व्यक्ती येऊ शकते, पण तिकीट येऊ शकत नाही. यावर कुणी हसलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

ठराव वर्तमानपत्रात आला आणि प्राचार्यांना घाम फुटला. बाईंनी पाहुणीला सगळं खरंखरं कळवलं. तिचं उत्तर आलं ते त्यांनी मला स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. घरी मला सरकारचे पाठीराखे दार लावतात, बाहेर सरकारचे विरोधक, असं तिने लिहिलं होतं. तुझ्या नोकरीला माझ्यामुळे त्रास नको, म्हणून येत नाही. ते ऐकून मला अध्यक्षांचा असा राग आला की त्या दिवशी मी त्यांच्यासोबत डबा खाल्ला नाही. आता वाटतं, मीही बहिष्कारच टाकला, फक्त ठराव न करता.

चर्चासत्र झालं. मांडवावर आंतरराष्ट्रीय असं ठळक लिहिलेलं होतं, कारण फलक आधीच छापून आला होता. सर्वांत दूरचे पाहुणे शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे. पक्ष्यांच्या त्या चर्चासत्रात अध्यक्षांनी बहिष्कार या अहिंसक अस्त्रावर निबंध वाचला आणि जेवणात गुलाबजाम होते.

त्या शेतकऱ्याने आणखी आठवडाभर वाट पाहिली. मग त्याने बाईंना निरोप धाडला की तुमची पाहुणी काही आली नाही. बाई पोचल्या तेव्हा घरट्याची काडी काडी धुऱ्यावर वाळत पडली होती. सारसांची जोडी बांधीच्या कडेला नुसती उभी होती. मी त्यांच्यासोबत गेलो होतो म्हणून मला माहीत.

गाझातलं युद्ध आमच्या ठरावाने थांबलं नाही. ठराव तिथवर पोचलाच नव्हता. तो अर्जुनी मोरगावलाच उतरला होता.

वर्ष उलटलं. अध्यक्षांच्या बढतीची फाइल परत आली. बढतीसाठी आंतरराष्ट्रीय चर्चासत्रात वाचलेल्या निबंधाचे गुण धरले होते, आणि तपासणाऱ्यांनी विचारलं होतं, यात परदेशी कोण होतं? बालाघाट चालेना. चर्चासत्र जिल्हा पातळीचं ठरलं आणि गुण गेले. एकट्या अध्यक्षांचे नव्हे, गोंदियात हात वर करून इथे निबंध वाचलेल्या आमच्या कॉलेजातल्या सगळ्यांचेच.

दुपारी अध्यक्ष स्टाफरूममध्ये आले आणि बाईंच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. हळू आवाजात म्हणाले की ठराव ठरावाच्या जागी राहू द्या, पण यंदा त्या इस्रायलच्या बाईंना बोलावून घ्या. गाजावाजा नको. तिकडे बरेच लोक युरोपातून गेलेले, त्यांच्याकडे पोलंडचा वगैरे एखादा जुना पासपोर्ट असेलच, फलकावर तोच देश टाकू. आणि गेल्या वर्षीच तुम्ही जरा जोर लावला असता, तर ही वेळ आली नसती.

कॉलेजात शुद्ध मराठी बोलणाऱ्या बाई तेव्हा पहिल्यांदा घरच्या बोलीत बोलल्या. वह्या तपासणं न थांबवता म्हणाल्या, "वरच्या बांधीचं पानी तुमीच बंद केलं ना सर? आता खालची सुकली, तं मले काऊन विचारून राहिले?"