मागणीचा चहा

बेरदान गावात बेखाल आत्याच्या दारावरून चहाचं बोलावणं न ऐकता पुढे गेलेला माणूस शोधायचा तर कबरस्तानात जावं लागेल, असं लोक म्हणत. आणि तिथले कितीतरी जणही शेवटच्या वाटेवर तिच्याच ओट्याशी खांदेकरी बदलायला थांबलेले. "या, चला, घोटभर घ्या" हे तिच्या तोंडून श्वासासारखं निघे. ऐकणाऱ्यानं छातीवर हात ठेवायचा, "तुमचं घर आबाद राहो" म्हणायचं आणि वाटेला लागायचं, अशी त्या डोंगरातली रीत. बोलावणाऱ्यालाही ते ठाऊक, जाणाऱ्यालाही.

आत्याच्या चोविसाव्या वर्षी नवरा गेला, त्याच वर्षी आई गेली, आणि पाच वर्षांचा धाकटा भाऊ सालार तिच्या पदरात आला. रडायला सवड नव्हती. तंदूर पेटवायचा, गावाच्या भाकऱ्या लावायच्या, पाच वेळची नमाज चुकवायची नाही आणि पोराला वाढवायचं, एवढंच तिनं धरलं. "खुदानं नवरा नेला, पण हात रिकामे ठेवले नाहीत," असं ती म्हणे. पोर वाढलं, मधमाश्या पाळू लागलं, साठ पेट्यांचं धनी झालं. अडतिसावं लागलं तरी लग्नाचं नाव नाही. मग शाळेवर शलेर नावाची मास्तरीण आली. दोन वर्षांत गावच्या पोरांना पाढे आले आणि सालारला रोज दाढी करायची सवय लागली. शलेरची बदली पुन्हा तिच्या गावी, रानियाला झाली, तोवर दोघांचं ठरून गेलं होतं.

अडलं होतं ते शलेरच्या आईपाशी. हाजी अस्मर एकटी बाई, एकुलती एक मुलगी. दोन स्थळं तिनं दारातून परत पाठवलेली. बेरदानचं नाव काढलं की म्हणायची, "चार महिने बर्फात रस्ता बंद. मी मेले तर माझी पोर माती द्यायलासुद्धा पोचायची नाही."

सालारनं यावर तोड काढली होती. "आपा, थंडी पडली की मी पेट्या खाली मैदानात नेतोच ना? ते चार महिने आम्ही दोघं तिच्या आईकडे राहू."

आत्यानं हातातलं लाटणं खाली ठेवलं होतं. "घरजावई होतोस? माझ्या जिवंतपणी? गावातल्या बायका कोंबड्यांनासुद्धा सांगत फिरतील. हे त्या घरात कुणी बोलायचं नाही. माझी शपथ."

तर अशी शपथ घालून, वसंतातल्या एका गुरुवारी, आत्या शेजारच्या जमीलाला घेऊन मागणी घालायला निघाली. पुरुषांनी जायचं ते नंतर, मिशांना पीळ देऊन. खरं काय ते आधी बायकाच ठरवून येतात. सोबत मधाची बरणी, डोंगरातल्या आंबट देठांची जुडी आणि रुमालात बांधलेल्या पातळ भाकऱ्या.

वडापच्या गाडीत अकराजण होते. वाटेतलं सांगासर यायच्या आत अकराही जणांना कळलं होतं की या दोघी कुठे आणि कशासाठी चालल्यात. गाडीवाल्यानं गाणं बंद करून दुवा मागितली. फक्त मागच्या बाकावरचे एक म्हातारबाबा, मीरान काका, खिडकीला डोकं टेकून गाढ झोपले होते.

रानियात हाजी अस्मरच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. काकाही तिथेच उतरले आणि कंबरेचा पट्टा सावरत इकडेतिकडे बघू लागले. आत्याचं सगळं लक्ष हाजीबाईंच्या निळ्या दाराकडे. तोंडानं मात्र आपलं काम केलं. "या काका, चला, घोटभर चहा घ्या."

काकांनी छातीवर हात ठेवला नाही. "येतो की," ते म्हणाले. "माझी लेक याच गल्लीत राहते, पण ती कामावरून दुपारी येणार. तोवर कुलपाकडे बघत बसू का?"

जमीलानं आत्याच्या दंडाला चिमटा काढला. "अगं, घर कुणाचं, बोलावतेस कुणाला?"

"आता काय करू? बोलावलेल्या माणसाला परत फिरवू?"

"मागणीला नवरामुलगा आणायचा नसतो म्हणतात. तू त्याचा आजोबा आणलास."

दार उघडलं. हाजी अस्मर पांढऱ्या ओढणीत, पाठ ताठ. एक नजर बरणीवर, एक काकांवर. विचारलं काही नाही. दाराशी आलेल्याला कोण म्हणून विचारणं त्या घरात बसत नव्हतं. काकांना भिंतीजवळची मानाची उशी मिळाली.

शाळेला रजा टाकून थांबलेली शलेर चहाचं तबक घेऊन आली. काचेचे छोटे पेले प्रत्येकापुढे ठेवले आणि आईच्या मागे जाऊन बसली. आत्यानं पेल्याला हात लावला नाही, जमीलानंही नाही. शब्द मिळेपर्यंत पाहुण्यांनी चहा प्यायचा नाही. आधी प्याला तर मागणी तिथेच मिटली, पुन्हा त्या घरी तोंड उघडायचं नाही. तान्ह्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट.

"हाजीबाई," आत्यानं मनात बिस्मिल्ला म्हणून सुरुवात केली, "आम्ही तुमच्या दाराशी झोळी घेऊन..."

सुर्र्र.

काकांनी खडीसाखर दाढेत धरून अर्धा पेला संपवला होता. बिचाऱ्यांना कुठे ठाऊक होतं, ते मागणीला आलेत म्हणून.

जमीलानं डोळे मिटून घेतले. आत्याचे कान गरम झाले. चौतीस वर्षं एका पोराला वाढवलं, रोज पहाटेच्या नमाजेत त्याचं घर मागितलं, आणि ते असं दोन घोटांत संपावं?

"बेखालबाई," हाजी अस्मर सावकाश म्हणाल्या, "हे तुमच्या बाजूचे ना?"

खोटं बोलणं आत्याला जमणारं नव्हतं. "गाडीतले आहेत. मी सवयीनं बोलावलं, ते आले. चूक माझी, त्यांची नाही."

"माझ्या दाराशी तुम्ही बोलावलं?"

"तोंडानं बोलावलं. मी तेव्हा तुमच्या दाराकडे बघत होते."

काका एव्हाना पेला हातात धरून थिजले होते. "पोरींनो, मी काही बिघडवलं का? अरे खुदा. ही मागणी होती? मग मला आधी लाथ तरी मारायची."

हाजी अस्मरच्या ओठांची कड हलली, पण त्यांनी ती लगेच जागेवर आणली. "कुणी बोलावलं ते राहू दे. माझ्या उशीला टेकून बसलेला माणूस माझा पाहुणा. घरच्या पाहुण्यानं चहा प्यायला तर त्यानं मागणी मोडत नाही. बोला तुम्ही." जरा थांबून त्या म्हणाल्या, "पण बर्फाचं काय ते आधी सांगा. मधाचे गुण मला माहीत आहेत."

रस्ता लवकर साफ करतात, यंत्र येतं, असं काहीबाही आत्यानं घोकून आणलं होतं. त्यातलं अर्धंच खरं होतं.

"मुलगा मधवाला का?" काकांनी मध्येच विचारलं. चूक भरून काढायची त्यांना घाई झाली होती. "मग बर्फाचं काय घेऊन बसलात? डोंगरातला मधवाला थंडीत डोंगरात राहतोच कुठे? माश्या मरतील. माझ्या सूर्यफुलाच्या शेताच्या बांधावर दरवर्षी तीन मधवाले पेट्या उतरवतात. वसंत लागला की वर जातात. इथून माझं शेत ते काय, बकरी चरत पोचेल."

हाजी अस्मरनी आत्याकडे पाहिलं. "खरं का हे?"

"खरं."

"मग आधी का नाही बोललात?"

आत्या गालिच्याचे गोंडे उलगडत राहिली. शपथ तिनं सालारला घातली होती, पण अडकली होती तीच. "लाज वाटली," ती शेवटी म्हणाली. "त्यानं मला स्वतःहून सांगितलं होतं, थंडीचे चार महिने तुमच्या घरी राहतो म्हणून. मीच त्याला घरजावई म्हणून हिणवलं. लोक काय म्हणतील याची मला भीती. हाजीबाई, तुम्हाला पोरीची काळजी आणि मला माझ्या नाकाची. त्याला चार महिने तुमच्याकडे ठेवून घ्या. माझी ना नाही."

"आणि त्या चार महिन्यांत तुम्ही?"

हे आत्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. "माझं काय. तंदूर आहे, नमाज आहे."

शलेर उठली. तिनं सगळ्यांपुढचे पेले तबकात उचलले. "हा गार झाला," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "दुसरा आणते." चहा दुसऱ्यांदा आणायचा म्हणजे बसणाऱ्यांना अजून बसवायचं. आईनं मान वळवून लेकीकडे पाहिलं, बराच वेळ. मास्तरीण होती, तरी कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

गरम चहा आला. हाजी अस्मरनी आपल्या हातानं पेला उचलून आत्याच्या हातात दिला. "प्या, बेखालबाई. खुदानं जमवलं तर मोडणारी मी कोण?"

आत्यानं प्यायला. मग दुसरा, मग तिसरा. जमीलानं ओठांवर तर्जनी नाचवत अशी शुभकार्याची किलकारी घातली की शेजारच्या गच्चीवरून एक बाई डोकावली आणि काही न विचारता तिनंही साथ दिली. काका म्हणाले, "आता मीही पिऊ का?"

"तुम्ही तर प्याच," जमीला म्हणाली. "आता तुमच्या पिण्यानं काही मोडायचं नाही."

हाजी अस्मरचं मन मात्र एव्हाना पुढे गेलं होतं. "मधमाश्यांच्या दोन-तीन पेट्या तो घराशीच आणेल ना? त्या गच्चीवर नको," त्या आत्याला म्हणाल्या. "तिथे माझे कपडे वाळतात. मागच्या अंगणात डाळिंबाखाली ठेवू दे. आणि थंडी पडली की तुम्हीही त्याच्याबरोबर या. तंदूर आमच्याकडेही आहे, पण माझ्या हाताला आता ताप सोसत नाही."

"माझ्या भाकऱ्या तुम्हाला आवडतील का पण?"

हाजी अस्मरनी रुमाल सोडला, एक भाकरी मोडली, कडेचा तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिल्या.

"मीठ जरा जास्त आहे," त्या म्हणाल्या. "बघू, थंडीपर्यंत सुधारेल."