वन्संचा खळगा

काहीतरी कमी दिसलं म्हणून आनंदाने उडी मारणारी बाई या भूतलावर एकच असेल, आणि ती नेमकी माझी नणंद निघाली. आमच्या वन्सं पुण्याला संशोधन करतात. कशाचं, हे घोलवडला येणाऱ्या पाहुण्यांना मीच सांगते, कारण त्या सांगायला बसल्या की चहा दोनदा गरम करावा लागतो. तर फार फार दूरच्या काही आकाशगंगा रेडिओलहरी फेकत असतात. तिथे थंड हायड्रोजन वायू असेल तर तो त्या लहरींचा एक ठरावीक पट्टा गिळतो आणि वन्संच्या आलेखात तेवढाच खळगा पडतो. वायू दिसत नाही, खळगा दिसतो. "तारे त्याच्यातूनच होतात, वहिनी. वायू सापडला म्हणजे घरात धान्य आहे हे कळलं," असं त्या म्हणतात, स्वतःच्या घरात धान्य आहे की नाही, हे मात्र त्यांना कधीच ठाऊक नसतं.

माणसांच्या यंत्रांशी त्यांचं हाडवैर. यंत्रांच्या लहरी वन्संच्या रेडिओ-दुर्बिणीत घुसतात म्हणे. सुट्टीला आल्या की दारातच आमचे मोबाइल गोळा करून पत्र्याच्या डब्यात बंद करतात. "अहो, दुर्बीण इथून केवढी लांब!" म्हटलं तर "सवय राहायला हवी" हे उत्तर. माझ्या भावाला मुलगी झाल्याचं मला दुसऱ्या दिवशी भाजीवालीकडून कळलं! पण या वैराला कारण आहे. काही वर्षांपूर्वी त्यांना एक खळगा सापडला, त्या आनंदात त्यांनी आमच्या वाडीतल्या चिकूच्या पेट्या अख्ख्या ऑफिसला वाटल्या, आणि मग तो कुठल्यातरी यंत्राचा गोंधळ निघाला. पेट्या काही परत मागता येईनात.

यंदा थंडीत त्या आल्या त्या काही महिन्यांपूर्वी सापडलेला दुसरा खळगा घेऊन. तो खरा असेल, तर मधल्या महिन्यांत पृथ्वी सूर्याभोवती पुढे गेल्यामुळे नव्या आलेखात किंचित सरकलेला दिसणार. आपल्याकडचाच गोंधळ असेल, तर जागचा हलणार नाही. हाही खोटा निघाला तर शोध सोडायचा आणि आमच्याकडे राहून, बोलावणं आलेल्या डहाणूच्या कॉलेजात शिकवायला लागायचं, हे त्यांनी मला एकटीला सांगितलं होतं. नव्या निरीक्षणाची फाइल चार दिवस लॅपटॉपवर पडून होती. ती उघडायची सोडून बाई अंगणात लखमीबाईंबरोबर चिकू निवडत होत्या.

लखमीबाई तलासरीकडच्या, आमच्याकडे वर्षानुवर्षं तोडणीला येतात. वन्संनी आकार बघून पेटीत भरलेले चिकू त्यांनी एकेक करून बाहेर काढले.

"वरून सगळे सारखेच दिसतात गो ताई. नख लावल्याबिगर कसं कळंल? आत हिरवा तर कच्चा, पिवळा तर तयार."

"आणि कच्चा निघाला तर?"

"तर कळला ना, कच्चा हाय म्हणून. झाडावर तयार नाय झाला तो भरून ठेवून काय पिकायचा हाय?"

वन्संनी हातातला चिकू खाली ठेवला. मग उठल्या, हाताचा चीक धुतला आणि लॅपटॉप उघडला. मी पदर चावत मागे उभी. पडद्यावर एकीखाली एक, जुनी आणि नवी, अशा दोन रेघा आल्या. त्यांनी वरच्या खळग्यावर बोट ठेवलं, ते सरळ खाली आणलं, आणि ते खालच्या खळग्यात पडलंच नाही.

"सरकलाय," त्या पुटपुटल्या. आकडे तपासून पुन्हा म्हणाल्या, "जेवढा हवा तेवढाच सरकलाय, वहिनी!"

मला रडूच फुटलं. डोळे पुसून विचारलं, "म्हणजे आत्ता तिथे वायू आहे?"

"होता. लहर निघाली तेव्हा. एव्हाना त्याचे तारे होऊनही गेले असतील."

मला चुटपुट लागली. इतकी वर्षं शोधलं ते हाती आलं, आणि ते केव्हाच सरलेलं! त्या मात्र हसल्या. "कामी आला ना? मग बरंच की."

दुसऱ्याच दिवशी त्या पुण्याला निघाल्या. डहाणूच्या कॉलेजला नकार कळवायचं काम माझ्यावर टाकलं, मीही तो आनंदाने कळवला. फक्त त्यांच्यासाठी वाडीकडची खोली मी आधीच झाडून, नवी चादर घालून ठेवली होती, ते काही त्यांना सांगितलं नाही.