ठिणगीमास्तरांची सही

ठिणगीमास्तर फितूर झाले, अशी गावभर कुजबुज होती. दर रविवारी ते परदेशी पोलाद विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या गोदामात मागच्या दाराने शिरतात म्हणे, आणि जड पिशवी घेऊन बाहेर पडतात! शेजारच्या काकूंनी तर नुसत्या खणखणाटावरून आत भांड्यांचा सेट आहे असं ठरवूनही टाकलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. स्प्रिंगांच्या कारखान्यात आलेली प्रत्येक सळई ग्राइंडरवर टेकवायची, ठिणग्यांना किती फाटे फुटतात ते बघायचं आणि पोलादाची जात सांगायची, हे त्यांचं काम. तीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत. हीच नजर वांगी निवडताना कुठे जाते, असं बायको विचारायची, ते सोडा.

धाकटा भाऊ पलीकडच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर होता. परदेशी माल स्वस्त येऊ लागला आणि नेमकी त्याचीच भट्टी बंद पडायची वेळ आली. आयातशुल्क वाढवा, अशा अर्जावर सह्या गोळा करत तो थोरल्याच्या दारात आला.

"दादा, कर सही."

"नाही करत."

"अरे, तिकडचं सरकार त्यांच्या कारखान्यांना पैसा पुरवतं. आम्ही काय रिकाम्या हातांनी लढायचं?"

"तेवढं तुझं खरं. पण तुमची सळई एका टोकाला कडक, दुसऱ्याला मऊ. शुल्काने ती सुधारेल?"

"सख्ख्या भावाची भट्टी विझवायला निघालायस!"

"बडबड पुरे. चप्पल घाल, चल."

मास्तरांनी त्याला ग्राइंडरपुढे उभं केलं. आधी परदेशी तुकडा टेकवला, मग धाकट्याच्या भट्टीतली सळई, दोन्ही टोकांनी; तिच्या दोन टोकांच्या ठिणग्या वेगवेगळ्या उडाल्या. धाकट्याचा चेहरा उतरला.

"घाई होते रे. वितळलेलं पोलाद नीट ढवळायच्या आतच ओततो आम्ही."

"मला काय सांगतोस? तुझ्या साहेबाला सांग."

साहेब आधी खेकसला, मग ऐकू लागला. दोन महिन्यांनी दोन्ही टोकांना सारख्याच ठिणग्या देणारी सळई आली. स्प्रिंगवाल्यांनी सगळी मागणी त्याच भट्टीकडे वळवली आणि भट्टी वाचली. मास्तरांनी स्वतःहून अर्ज मागवून ठसठशीत सही ठोकली.

"आता माग शुल्क. आता तुला तोंड आहे."

आणि गोदामाचं म्हणाल, तर मास्तर तिथे परदेशी सळयांचे टाकाऊ तुकडे मागायला जात. भावाचं पोलाद त्यांच्याशी ताडून बघायचं होतं.